फादरच्या नावाची मूठ

चुडामण आबांना उभ्या आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं, आणि याचं त्यांना मनातून जरा वाईटच वाटायचं. माणसाने तयारी तरी किती ठेवायची! बैल घ्यायचा तर दात बघायचे, शेपूट ओढायची, विकणाऱ्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारायचं की 'बाई, खरंच विकताय ना?' आणि इतकं करून बैल निघायचा गुणी, विकणारा निघायचा साधा. सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून एकोणनव्वद सालच्या आषाढात मिशनच्या शाळेतले नवे फादर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "ही शाळा आता तुम्हीही सांभाळा," तेव्हा आबांच्या अंगावर काटा आला. आला! आपल्याला फसवणारा शेवटी आला!

शेवगेटेक हे गाव एरंडोलहून धरणगावला जाताना लागतं. एसटीतल्या माणसाला डुलकी लागली असेल तर लागतही नाही. गावात बघण्यासारखं दोनच: आबांची केळीची बाग, आणि तिच्या बांधाला भिंत लावून उभी असलेली मिशनची मुलींची शाळा. गाव तिला सिस्टरची शाळा म्हणायचं. एके काळी तिथे इतक्या सिस्टर होत्या की त्यांचे पांढरे झगे दोरीवर वाळत पडले की लांबून बगळ्यांचा थवा उतरल्यासारखा दिसे. हळूहळू बगळे कमी झाले. आता दोन उरले होते. एक मुख्याध्यापिका सिस्टर रोझलीन, मूळच्या केरळच्या, गणित शिकवणाऱ्या आणि पुस्तकातलं मराठी बोलणाऱ्या. दुसऱ्या सिस्टर मार्था, ज्यांचे गुडघे गेल्यामुळे त्या खिडकीत बसून शाळेवर लक्ष ठेवायच्या.

फादर विल्फ्रेड तुस्कानो येऊन दोन महिने झाले होते. वसईचा माणूस. लूनावरून फिरायचा आणि चढ आला की उतरून लूनाला ढकलायचा.

"आमच्याकडे आता सिस्टर व्हायला मुली येत नाहीत," फादर सभेत सांगत होते. "पूर्वी एकेका घरातून दोघी यायच्या. आता अख्ख्या गावातून एक येत नाही. वरून विचारणा झाली आहे. एक तर पुढच्या जूनपासून शाळा बंद करायची. नाहीतर सगळ्यांनी मिळून चालवायची. समिती करू. आमची माणसं थोडी, तुमची जास्त. अध्यक्ष तुमच्यातला. फक्त शाळा कशासाठी काढली ते विसरायचं नाही. ज्या पोरींना कोणी शिकवत नव्हतं, त्यांच्यासाठी काढली."

सभेत कोणी हललं नाही. खोकला आलेल्यांनीही तो दाबला. न जाणो, खोकला म्हणजे होकार धरायचे.

मग चहा आला. चहाबरोबर बिस्किटं आली, आणि तीही क्रीमची. आबांनी एक बिस्कीट उचललं, उघडलं, आतलं क्रीम बघितलं, परत मिटलं आणि बशीत ठेवून दिलं.

"यामा काहीतरी शे," ते शेजारी बसलेल्या झुलाल शिंप्याच्या कानात म्हणाले.

"काय शे आबा?"

"तेच तर देखनं शे. चालती शाळा कोन फुकट देस? माणूस फाटकी गोणी देत नही फुकट."

झुलालने मान डोलावली. शाळेचे गणवेश तोच शिवायचा, त्यामुळे शाळा बुडाली तर तोही बुडणार होता. पण आबांचा संशय ऐकल्यावर त्याला बुडण्यापेक्षा फसण्याची भीती जास्त वाटायला लागली.

आता खरी गोष्ट अशी, की शाळा चालावी हे गावात सगळ्यांत जास्त कोणाला वाटत असेल तर ते आबांनाच. त्यांची नात रंजना तिथे आठवीत होती. आबांना वाचता यायचं ते आपल्या नावापुरतं. औषधाच्या डब्यावर काय लिहिलंय, सोसायटीच्या कागदावर काय लिहिलंय, हे रंजना वाचून दाखवायची. आबा तिच्याकडून एकदा वरून खाली वाचून घ्यायचे आणि एकदा खालून वर. जगात ज्या एका माणसाच्या वाचण्यावर त्यांचा विश्वास होता ते माणूस चौदा वर्षांचं होतं आणि दोन वेण्या घालत होतं. तिला वकील करायचं आबांनी ठरवून टाकलं होतं. घरात वकील असल्यावर कोण फसवतो ते बघूच.

पण मुलगा अभिमन याचं गणित वेगळं होतं. "शाळा बंद पडनी का रंजीनं लगीन करी टाकू," तो सभेहून आल्या आल्या म्हणाला. "एरंडोलले रोज कोन सोडी तिले? धुळानं स्थळ इयेल शे. चांगलं शे."

"चूप बस," आबा म्हणाले.

"मंग समितीमा नाव टाका ना आबा."

"नाव टाकू? नाव टाकाडीसनीच तर फसाडतस!"

म्हणजे बघा, नाव टाकलं तर आबा फसणार आणि नाही टाकलं तर नात जाणार. त्या दिवशी आबा दोनदा जेवले, कारण पहिल्यांदा जेवल्याचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी झुलालला फादरच्या मागे लावलं. झुलाल शाळेत मापं घ्यायच्या निमित्ताने जायचा. त्याने इतक्या वेळा मापं घेतली की पोरींना वाटलं आपण रोज वाढतोय.

त्याने आणलेल्या बातम्या मात्र भयंकर होत्या. फादरने शाळेची सगळी बाकं अंगणात काढली. "विकाले!" आबा म्हणाले. ढेकूण झाले होते म्हणून उन्हात टाकली होती, आणि संध्याकाळी ती आत गेलीसुद्धा. "म्हणजे गिऱ्हाईक इनं नही," आबा म्हणाले. फादर शिडी लावून कौलांवर चढले. "छप्पर पडाले लागनं शे, ते आपला गळामा बांधतस!" हे मात्र थोडंफार खरं होतं.

आणि मग सगळ्यांत मोठी बातमी आली. फादर आबांच्या केळीच्या बागेत उभे होते.

"काय करत व्हता?"

"काही नही. उभा व्हता. पानी पडत व्हतं, आन् तो पानास्खाले उभा व्हता. मंग एक घड हातवर उचली देखा. मंग खोडले हात लावा. माले म्हने, बुडना नवा कोंब ठेवानी घाई करू नका म्हना आबांना, खोड कमजोर शे."

आबा मटकन ओट्यावर बसले. खोड खरंच कमजोर होतं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"झगा घालणारा माणूस," ते पुटपुटले, "आन् केळीनं बठ्ठं जाणस. आते समजनं. शाळा नही रे झुलाल, त्याले मनी बाग पायजे!"

गावात या शोधाचा आनंदच झाला. ज्याला त्याला आपापली शंका सापडली. कोणी म्हणे समितीत गेलं की धर्म बदलावा लागतो. कोणी म्हणे शाळेच्या विहिरीत काहीतरी सापडलंय. आबांचे चुलतभाऊ तोताराम नाना, माजी सरपंच, म्हणाले, "चुडामणले बाग जावानी भीती वाटस, म्हणजे त्याले काहीतरी माहीत शे. तो आपल्याले सांगत नही." आणि ते आबांवर लक्ष ठेवायला लागले.

आबा आणि तोताराम नाना यांचं नातं एकाच गोष्टीवरून कळेल. दोघांची विहीर सामायिक होती आणि मोटारीच्या खोलीला कुलपं दोन होती. एकाची किल्ली याच्याकडे, दुसऱ्याची त्याच्याकडे. पाणी सोडायचं तर दोघांनी एकाच वेळी यायचं. पिकाला पाणी कमी पडायचं, पण फसवणूक एका थेंबाची होत नव्हती.

अशात श्रावण लागला आणि खानदेशात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीचा सण जवळ आला.

कानबाईच्या आदल्या दिवशी आबांच्या घरी दुपारी मुठी टाकायच्या. घरातल्या कर्त्या माणसाने सोवळ्याने बसायचं, घरातल्या एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि नावागणिक गव्हाची एक मूठ सुपात सोडायची. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. रोट खायचे ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. लेक लग्न होऊन गेली की तिलासुद्धा नाही. ती माहेरी आलेली असली तर तिला वेगळ्या पिठाची पोळी. आणि ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने आपला रोट खाल्लाच पाहिजे. तो टाकायचा नाही, उरवायचा नाही, दुसऱ्याने खायचा नाही. सुपात पडलेली मूठ परत काढायची सोय कानबाईने ठेवलेलीच नाही.

आबा पाटावर बसले. समोर सूप, बाजूला गव्हाची टोपली. बायको यशोदाबाई आणि सून सुनंदा गाणं म्हणत होत्या.

"यशोदा," आबा म्हणाले आणि मूठ सोडली. "अभिमन." मूठ. "सुनंदा." मूठ. "रंजना." रंजनाची मूठ आबा जरा दाबून भरायचे.

नावं संपत आली होती. स्वतःच्या नावाची शेवटची मूठ आबांनी उचलली, हात सुपावर नेला, आणि तेवढ्यात झुलाल धापा टाकत दारात आला.

"आबा! बागमा परत कोनी तरी शे!"

आबांचा हात सुपावरच थबकला. डोळे मोठे झाले.

"फादर तुस्कानो!" ते ओरडले, आणि मूठ उघडली.

गहू सुपात पडले. गाणं थांबलं. बाहेर एक कोंबडीसुद्धा थांबली.

"नाव लिधं तुम्ही," यशोदाबाई हळूच म्हणाल्या.

"मी झुलालले इचारत व्हतो!"

"इचारत व्हतात का सांगत व्हतात, कानबाईले काय माहीत? नाव लिधं, मूठ पडनी."

आबांनी सुपाकडे बघितलं. सगळे गहू एकसारखे. त्यात यशोदाचे कुठले, रंजनाचे कुठले आणि वसईचे कुठले, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आबांनी निमूटपणे आणखी एक मूठ उचलली, "चुडामण" म्हणून सोडली, आणि डोक्याला हात लावला.

(बागेत होती ती तोताराम नानांची म्हैस. नाना तिला शोधायच्या निमित्ताने आबांवर लक्ष ठेवत होते.)

"आते काय करवानं?" आबा म्हणाले.

"करवानं काय? त्यास्ले जेवाले बलावनं पडी," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती आणि थोडी मजाही होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला पहिल्यांदाच कोणीतरी पकडलं होतं, आणि ते खुद्द कानबाईने.

आबांना रात्रभर झोप नाही. रोट खाल्ला तो भाऊबंद. भाऊबंद म्हणजे हिस्सेदार. फादरला यातलं कळलं तर? उद्या कोर्टात उभा राहून म्हणेल, यांनी स्वतःच्या तोंडाने माझं नाव घेतलं, साक्षीला देवी आहे. बाग मागायला त्याला भिंतसुद्धा ओलांडायला नको.

यावर एकच उपाय होता. त्याला कळू द्यायचं नाही. बोलवायचं, खाऊ घालायचं, हात धुवायला पाणी द्यायचं आणि घालवून द्यायचं.

सकाळी आबा शाळेत गेले. फादर लूनाचा प्लग पुसत होते. सिस्टर रोझलीन व्हरांड्यात उभ्या होत्या. आबा दिसताच त्यांची नजर आबांच्या गालाकडे गेली, तंबाखू आहे का बघायला.

"फादर," आबा शहरी मराठीत म्हणाले, "आज दुपारी आमच्याकडे जेवायला या."

फादरनी हात पुसले. "आज? काय विशेष?"

"विशेष काही नाही. सहज."

"अजून कोण कोण आहे?"

"कोणी नाही. तुम्ही एकटेच. आणि हां, कोणाला सांगू नका."

आबा वळून गेले. फादर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. महिन्याभरापूर्वी ज्या माणसाने त्यांचं बिस्कीट उघडून बघून परत ठेवलं होतं, तो आज कारण नसताना एकट्याला जेवायला बोलवत होता.

"सिस्टर," फादर म्हणाले, "यात काहीतरी आहे."

"निःसंशय आहे," सिस्टर रोझलीन म्हणाल्या. "ते शाळेचे मैदान विवाहसमारंभास मागणार. नंतर त्यांचा भाचा शिक्षक म्हणून घ्या म्हणणार. मी तुम्हाला प्रथमपासून सांगते आहे, या लोकांच्या हाती शाळा देणे म्हणजे माकडाच्या हाती कंपास देणे आहे. मी बरोबर येते."

"त्यांनी एकट्याला बोलावलंय."

"म्हणूनच येते."

दुपारी फादर आणि सिस्टर दोघंही दारात उभे राहिलेले बघून आबांचा घास तोंडात नसतानाच अडकला. मूठ एकाची, माणसं दोन! पण यशोदाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

"सिस्टर म्हणजे कोनानी तरी गयेल लेकच शे ना," त्या म्हणाल्या. "लेकनी पोळी येगळा पीठनी. या अक्का, बसा."

सिस्टरांना सगळं समजलं नाही, पण 'लेक' समजलं. चपला दाराबाहेर काढून त्या पाटावर येऊन बसल्या.

चौरंगावर कानबाई बसली होती, दागिने, नथ, फुलं घालून. फादरनी तिच्याकडे बघितलं, मग ताटातल्या रोटाकडे बघितलं.

"आबा, विचारतो म्हणून रागावू नका. हा प्रसाद आहे का? म्हणजे... आमचेही काही नियम असतात."

आबांची पंचाईत झाली. प्रसाद म्हणावं तर हा खाणार नाही. नाही म्हणावं तर कानबाई ऐकते आहे.

"प्रसाद नाही," आबा म्हणाले, आणि घाईत जे खरं होतं तेच तोंडातून निसटलं. "हिस्सा आहे."

"माझा हिस्सा? इथे?"

आबांनी जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. रंजनाने मधेच सगळं सांगून टाकलं: मुठी कशा टाकतात, झुलाल कसा आला, नाव कसं सुटलं. वकिलाच्या गुणांपैकी गप्प बसणं हा गुण तिने अजून घेतला नव्हता. सिस्टर रोझलीन आधी गंभीरपणे ऐकत होत्या. मग त्यांनी पदर नसलेल्या बाईने तोंड कसं लपवावं तसं ताटावर वाकून तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते.

फादर मात्र हसले नाहीत. त्यांनी रोटाचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाले, "आबा, भिऊ नका. मी हिस्सा मागत नाही. मी आमच्या घरचा हिस्साही सोडलाय."

आबांनी कान टवकारले. "सोडला म्हणजे?"

"आमची वसईला केळीची वाडी होती. फादर झालो तेव्हा माझा हिस्सा भावाला लिहून दिला. भावाने मागच्या वर्षी बिल्डरला विकली. आता तिथे पाया खणतायत. म्हणून तर तुमच्या बागेत येऊन उभा राहतो. पानांवर पाऊस पडला की तसाच आवाज येतो."

आबांनी आपल्या आयुष्यात खून केलेला माणूस बघितला होता, दोन बायकांना एकमेकींची खबर न लागू देणारा माणूस बघितला होता. पण आपला हिस्सा स्वतःहून लिहून देणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

"शुद्धीवर होतात?" त्यांनी विचारलं.

"होतो."

"आणि सिस्टर, तुमचा?"

"आम्हीही सोडतो," सिस्टर रोझलीन म्हणाल्या. "प्रत्येक जण सोडतो."

"म्हणजे बठ्ठा हिस्सा सोडेल माणसंच चालवतस का हाई शाळा?" आबांचं शहरी मराठी गळून पडलं. "तुम्हले पोरं नही, वारस नही. मंग ही शाळा कोनानी? इमारत कोनानी? पुढे देखी कोन?"

"तेच तर विचारतोय आबा, महिना झाला," फादर म्हणाले. "वारस शोधतोय. बिस्किटं देऊन शोधतोय."

आबांनी आपला रोट संपवला. मग त्यांनी शेवटची, सगळ्यांत आतली शंका बाहेर काढली.

"एक सांगा. तुमच्या चर्चमध्येही म्हणे रविवारी रोटासारखं काही देता. मी आलो तर मला द्याल?"

फादर घुटमळले. यशोदाबाईंना वाटलं आता हा 'हो' म्हणणार आणि धर्म बुडणार.

"नाही," फादर म्हणाले. "बसा, ऐका, चहा प्या. पण ते फक्त आमच्यातल्यांनाच."

आबांचा चेहरा एकदम फुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हा माणूस शहाणा वाटला. जो आपलं सगळंच वाटायला निघतो त्याच्यापासून सावध राहावं लागतं. पण हा तर आपलं आपल्यापाशी ठेवून, वाटण्यासारखं होतं तेवढंच वाटत होता.

"सुनंदा," ते म्हणाले, "तूप वाढ त्यास्ले."

गावात बातमी जायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. तोताराम नाना आबांच्या ओट्यावर आले ते कमरेवर हात ठेवूनच.

"चुडामण, फादरले भाऊबंद करी लिधं म्हने तू?"

"कानबाईनी करा. मी काय करू?"

"कानबाईनी!" नाना फिस्कारले. "माले समजत नही का? फादर तुना भाऊबंद व्हयना म्हणजे शाळा तुना घरमा गयी! इमारत, विहीर, मैदान, बठ्ठं! पर ध्यानमा ठेव, तुना भाऊबंद तो मनाबी भाऊबंद. मी बी समितीमा इसू!"

"ये ना. मी कोठे नही म्हनस?"

"मी इसू म्हणजे इसूच! तुनावर लक्ष ठेवाले!"

आणि इथून पुढे जे झालं ते फादरना कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. तोताराम नाना समितीत जातायत म्हटल्यावर वरच्या गल्लीतले पुना पाटील नानांवर लक्ष ठेवायला समितीत आले. पुना पाटील आले म्हणून खालच्या गल्लीतल्या सुंदरबाई आल्या. झुलाल तर गणवेशाचं कंत्राट जाऊ नये म्हणून आधीच दारात बसला होता. पहिल्या सभेला खोकलाही न देणारं गाव दुसऱ्या सभेला इतकं आलं, की ढेकूण नसतानाही बाकं अंगणात काढावी लागली.

आबांना अध्यक्ष केलं. त्यांनी नाव टाकायच्या आधी कागद रंजनाकडून वाचून घेतला, वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून. मग त्यांनी सही केली, आणि उठून पहिला ठराव मांडला.

"शाळा बठ्ठास्नी शे, तर गेटले कुलपं बी बठ्ठास्ना पायजेत."

"कशासाठी?" फादर म्हणाले.

"म्हणजे कोनी एकलाच शाळा उचली नेवाले नको."

सिस्टर रोझलीन उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं त्या विरोध करणार. "एक कुलूप माझेही असेल," त्या म्हणाल्या. "आणि मैदानावर विवाह होणार नाहीत, हेही लिहा."

फादरनी कपाळ चोळलं. पण सामायिक जबाबदारी त्यांनीच मागितली होती. लोखंडी गेटच्या दोन्ही झडपा जोडणारी साखळी आली, आणि पाचही उघडल्याशिवाय साखळी सुटणार नाही अशी शेजारी शेजारी लावलेली कुलपं: आबांचं, नानांचं, पुना पाटलांचं, सुंदरबाईंचं आणि सिस्टरांचं. रोज सकाळी पाचही जण किल्ल्या घेऊन यायचे, एकमेकांकडे संशयाने बघत आपापलं कुलूप उघडायचे आणि मगच पोरी आत जायच्या. गावाने इतकी शिस्त स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच बघितली.

मग एका सोमवारी तोताराम नाना आले नाहीत.

पोरी गेटबाहेर उभ्या. चार कुलपं उघडली, पाचवं लटकलेलं. झुलाल धावत नानांच्या घरी गेला आणि धावत परत आला.

"नाना साडूकडे बारसाले गयात. धुळाले. किल्ली कंबरले शे."

"परत कवय येतीन?"

"परवा. नहीतर तेरवा. जेवन कसं शे त्यानावर शे."

पोरींना आनंद लपवता येईना. तेवढ्यात आतून, गेटच्या गजांपलीकडे, सिस्टर रोझलीन हातात खडू घेऊन आल्या. त्यांनी भिंतीला काळा फळा टेकवला.

"इयत्ता आठवी, खाली बसा. रस्त्यावर बसा. पुस्तक उघडा."

आणि त्यांनी गजांतून बीजगणित शिकवायला सुरुवात केली. पोरी चिखल टाळत दप्तरावर बसल्या. रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली. कंडक्टरला वाटलं रास्ता रोको आहे.

अभिमन सायकलवरून आला, पाय टेकून बघत राहिला आणि हसला. "काय आबा, बंद पडनी ना शाळा? मी सांगत व्हतो. धुळाना लोकस्ले हो म्हनी टाकू का मंग?"

आबांनी रंजनाकडे बघितलं. ती वही मांडीवर घेऊन गजांतून दिसेल तेवढा फळा उतरवून घेत होती. एक गज नेमका मधे येत होता, म्हणून ती मान एकदा इकडे करायची, एकदा तिकडे. अर्धं गणित तिला दिसत नव्हतं. जिच्याकडून आबा कागद खालून वर वाचून घ्यायचे, तिला समोरचं वाचायला मान वाकडी करावी लागत होती.

"बंद नही पडनी," आबा म्हणाले. "किल्ली धुळाले गयी शे."

"एकच झालं ना!"

"नही झालं!" आबा गरजले. "पहार आन."

"नानांचं कुलूप तोडलं तर नाना कोर्टात जातील," लूना ढकलत येऊन पोचलेले फादर घाबरून म्हणाले.

"कुलूपले हात कोन लावस?" आबा म्हणाले. "कुलूप नानानं शे. गेट बठ्ठास्नं शे."

अभिमनने पहार आणली. बिजागऱ्यांखाली ती घातली. पुना पाटील एका बाजूला, झुलाल दुसऱ्या बाजूला, फादरनी झगा खोचला आणि मधे हात घातला. "एक, दोन..." सुंदरबाई ओरडल्या. गेट कुलपांसकट, साखळीसकट उचललं गेलं आणि शेवग्याच्या झाडाला टेकून उभं राहिलं. पाचही कुलपं जागेवर होती, नानांचं तर अगदी बंद. कोणी कोणाचा एक ठरावही मोडला नव्हता.

पोरी आत गेल्या. सिस्टरांनी फळा आत नेला आणि जाता जाता म्हणाल्या, "वेळ वाया गेला. मधली सुट्टी अर्धी."

तोताराम नाना तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी आधी आपलं कुलूप तपासलं, आणि ते शाबूत बघून किल्लीने एकदा उघडून परत लावलं. गेट परत बसवायचा ठराव समितीत आला. पण जुन्या बिजागऱ्या पहारीने वाकल्या होत्या, मग नवीन कोण आणणार? ज्याने आणल्या त्याला त्या कशा काढायच्या ते माहीत असणार. ठराव पुढच्या सभेवर गेला. त्या सभेतून त्याच्या पुढच्या.

म्हणून शेवगेटेकच्या शाळेला आजही गेट नाही. जून आला आणि गेला, शाळा बंद झाली नाही. धुळ्याच्या पाहुण्यांना अभिमननेच नको म्हणून कळवलं. शाळेचं गेट आपण स्वतः उचललं, ही गोष्ट तो एव्हाना सगळीकडे सांगत फिरत होता, आणि मग पोरगी शाळेतून काढायची कशी?

रोज सकाळी आबा काठी घेऊन गेटच्या रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसतात. आत कोण जातं, बाहेर कोण येतं, सगळ्यांवर नजर. समोरच्या पारावर तोताराम नाना बसतात, आबांवर नजर. वरच्या खिडकीत सिस्टर मार्था दोघांवर. आणि व्हरांड्यातून सिस्टर रोझलीन आबांच्या गालावर, तंबाखू आहे का बघायला.

फादर लूना ढकलत चढ चढून येतात. "काय आबा, सगळं ठीक?"

"ठीक दिसस," आबा डोळे बारीक करून म्हणतात. "म्हनीसनच माले वाटस, यामा काहीतरी शे."